रोक्को रोज ‘जेवलास का’ विचारायचा

नाही काकू, शिक्का आमचाच आहे, ते मी कुठे नाही म्हणतोय — पण शिक्का काय, दिवसाला शंभर कागदांवर मारतो मी, कुणाचा आयडी रिन्यू, कुणाचा पासपोर्ट हरवला, कुणाला पोरगं झालं — टायपिंग सेंटर आहे हे, करामा एरियातलं अर्धं पब्लिक इथून कागद घेऊन जातं, आता प्रत्येकाचं तोंड कसं लक्षात राहणार? नागेश परब... परब... थांबा हां, आठवून बघतो. बसा ना तुम्ही — ती नको, तिचा पाय गेलाय, ह्या निळ्या खुर्चीवर बसा. पप्पा इमिग्रेशनला गेलेत, तासाभरात येतील, त्यांनाच विचारा — नाही, नको, पप्पांना नका विचारू. म्हणजे त्यांना काय माहीत नाही. म्हणजे कुणालाच काय माहीत नाही. चहा सांगू? खाली कॅफेटेरियात मस्त करक मिळतो, दोन मिनिटांत वर येतो. नको? पाणी? बरं.

हा कागद कुठून मिळाला तुम्हाला? वासिफभाईंनी दिला? अबुधाबीला, मुसफ्फाच्या कामगार कॅम्पला जाऊन आलात? एकट्या? — हां, संजनाताईंसोबत, ज्यांच्याकडे उतरलात त्या, खाली गाडीत आहेत, पार्किंग नाही म्हणून. ओके. वासिफभाई म्हणजे काकांचे रूममेट, भला माणूस, पण पोटात काही राहत नाही त्यांच्या, त्यांनीच फोन केला असणार तुम्हाला. आणि काकांनी तुम्हाला काय सांगितलं होतं, बेटावर काम निघालंय, पंधरा दिवस नेटवर्क नाही? बघा ना, बेटावर खरंच नेटवर्क नसतं, म्हणजे लोकांना पटतं ते, म्हणूनच मी बेट सुचव— म्हणजे काकांनीच ठरवलं होतं. मी फक्त बेट म्हटलं. ते म्हणत होते हॉस्पिटल सांगू का, मी म्हटलं वेडे आहात का, हॉस्पिटल ऐकून काकू पहिल्या विमानाने येतील. तर तुम्ही तशाही आलातच.

असं बघू नका ना. शिव्या घाला, चालेल. माझी मम्मी तर घालते, दहावीत दोनदा आपटलो तेव्हा बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं. तुम्ही एकदम गप्पच — मला गप्प माणसांचं टेन्शन येतं, वल्ला.

बरं. ऐका. काका ठीक आहेत. बहुतेक ठीक आहेत. काका इटलीत आहेत.

नाही, मस्करी नाही करत. मी मस्करी करतो तेव्हा असा घाम नाही येत मला. इटलीत, पण रोम-व्हेनिस नाही, फोटोतलं नाही — मोलिझे म्हणून एक भाग आहे, डोंगरातला, तिकडे कुणी जात नाही, इटलीतले लोकच गंमत करतात की हा भाग नाहीच आहे, कुणीतरी नकाशात उगाच काढलाय. त्या भागातल्या एका गावात आहेत. नव्वद माणसांचं गाव. कास्तेल-काहीतरी, तिकडे दोन गावं सोडून तिसऱ्याचं नाव कास्तेल. आणि शुक्रवारी त्यांचा व्हिसा संपतोय. आज बुधवार. आणि सोमवारी ड्युटीवर यायला हवं होतं, आले नाहीत, आता आणखी दोन-चार दिवस गेले की कंपनी अ‍ॅब्सकाँडिंग लावेल — म्हणजे पळालेला माणूस, कागदावर तसं लिहितात. सत्तावीस वर्षं वेल्डिंग केलं, मार्चमध्ये रिटायर होणार होते, आणि कागदावर काय? पळालेला. हे मला कळतं हो काकू, मी रोज तेच कागद टाइप करतो.

का गेले? ते... हे बघा, त्यात माझा थोडा हात आहे. थोडा. ऐंशी टक्के.

रोक्को माहीत आहे का तुम्हाला? कधी नाव काढलं त्यांनी? नाही ना? आमच्याकडे रविवारी यायचे तेव्हा दुसरं नावच नसायचं. मुसफ्फाहून बस धरून यायचे, खाली सुरमईची थाळी खायचे आणि मग इथे, ह्याच निळ्या खुर्चीवर, दोन तास. पप्पा झोपायचे, ऐकायला मी. रोक्को म्हणजे काकांच्या वर्कशॉपमधला इटालियन इन्स्पेक्टर, वेल्डिंग तपासायचा, दहा वर्षांपूर्वी रिटायर होऊन गेला. जाताना काकांना म्हणाला, नागेश, माझ्या गावाला ये, इतकं शांत आहे की कोंबडी चालली तरी कळतं. बस. दहा वर्षं काका तेच सांगतायत — कोंबडी चालली तरी कळतं. माझ्या डोक्याचा भुगा. एकदा त्यांनी साइटवरचा फोटो आणला, दोघांचा, हेल्मेट घातलेला, म्हणाले लॅमिनेट करून दे रे विहान. मी केला. पण त्याआधी स्कॅन केला. आणि मग... दुपारची वेळ होती, कस्टमर नव्हता, मी रोक्कोचं तोंड कापलं, एक इटलीचा नंबर घेतला — अ‍ॅपवर मिळतो, प्लस थर्टी नाइनवाला — आणि डीपी लावून काकांना मेसेज टाकला. ‘नागेश माय फ्रेंड, यू फर्गॉट मी?’

एक दिवसाची मस्करी होती, आईशप्पथ. मी असं करतोच सगळ्यांशी. पप्पांना मी म्युनिसिपालिटी बनून फोन केलाय, वॉचमनला लॉटरी लागली सांगितलंय, तो दोन तास सूट घालून बसला होता. मला वाटलं काका रविवारी येतील, सांगतील रोक्कोचा मेसेज आला, मी पोट धरून हसेन, खलास. तर रविवारी ते आलेच नाहीत. पहिल्यांदा. का? तर कॅम्पवर बसून रोक्कोला मेसेज लिहीत होते.

आणि काय लांब लांब, काकू! अर्धं हिंदी, अर्धं इंग्लिश, स्पेलिंगचा पत्ता नाही — माझ्यापेक्षा वाईट, म्हणजे विचार करा. मला काय लिहायचं सुचेना. मी काय करायचो, नेटवरून उचलायचो, त्या गावांबद्दल फिरणाऱ्या लोकांनी लिहिलेलं असतं ना, ‘येथे वेळ झोपलेली आहे, येथील दरवाजे वाटसरूंसाठी उघडे असतात’ — तसलं इंग्लिशमधलं कॉपी-पेस्ट. आणि ते संपलं की रोज संध्याकाळी एक, ‘नागेश, यू एट फूड?’ जेवलास का. दुसरं काय विचारणार? मोठी माणसं एकमेकांना काय विचारतात मला काय माहीत, मला तर घरात कोणी तेही — ते जाऊ दे. तर जेवलास का म्हटलं की इकडून काका सुरू. डाळ कशी झाली होती, वासिफने काय केलं, गुडघा कसा आहे, आणि मग घरचं.

काही नाही, घरचं म्हणजे असंच. नको ना काकू. ते रोक्कोला लिहिलं होतं, मला नाही. मी वाचलं, पण मी म्हणून नाही वाचलं, रोक्को म्हणून — बरं. बरं, सांगतो, पण मनावर घेऊ नका हां. त्यांनी लिहिलं होतं की माझ्या घरात माझं ताट माळ्यावर असतं. स्टीलचं, नाव घातलेलं. तुमची, पोरांची ताटं मांडणीत, रोजच्या हाताला, आणि त्यांचं ते वर, ते आले की खाली काढायचं, धूळ धुवायची, आणि निघाले की परत वर. असं लिहिलं होतं. आणि पोरांना तुम्ही चहा ठेवता, विचारत नाही, सरळ पुढ्यात ठेवता — त्यांना विचारता, चहा ठेवू का. पंखा किती वर ठेवू ते पण विचारता. म्हणाले, रोक्को, सत्तावीस वर्षांत मी माझ्या घरी हजार दिवस राहिलोय, मोजलेत मी, आणि हजारही दिवस माझी फार चांगली सोय झाली. ‘व्हेरी गुड सर्व्हिस’, असं लिहिलं होतं, मी हसलो त्यावर, खरं सांगतो, मला जोक वाटला. आणि आता मार्चमध्ये कायमचं जायचं तर मला भीती वाटते. चाळीस दिवस झाले की ती विचारते, निघायचं कधी? वाईट मनाने नाही विचारत, बॅग भरायची असते म्हणून विचारते. पण मार्चमध्ये चाळीस दिवस झाल्यावर ती विचारेल, तेव्हा मी काय सांगू?

काकू? मी म्हटलं होतं ना मनावर घेऊ नका. ताट धुवायलाच लागणार ना, धूळ बसते तर — त्यात काय एवढं. माझंच तोंड फाटकं. पाणी घ्या थोडं. संजनाताईंना वर बोलवू? नको. बरं.

त्यावर रोक्कोने काय लिहिलं? मी काय... मी सतरा वर्षांचा आहे काकू, मला बायकोबियकोचं काय कळतं? मी माझं नेहमीचं, वाटसरू, दरवाजे, आणि खाली लिहिलं — ‘हिअर नोबडी विल आस्क यू. कम.’ इथे तुला कोणी विचारणार नाही. ये.

मला वाटलं जाणार थोडीच! इटलीचा व्हिसा काय खेळ आहे? इथे मोठे मोठे मॅनेजर रिजेक्ट होतात. पण काका रविवारी आले, केस कापून, इस्त्रीचा शर्ट, फायलीत सगळे कागद, सहा महिन्यांचं बँकेचं, कंपनीचं लेटर — विहान, बाळा, हा फॉर्म भरून दे. आणि मी भरला. ‘पर्पज ऑफ व्हिजिट’मध्ये काय टाकू विचारलं तर म्हणाले, फ्रेंड. मी टुरिझम टाकलं. हॉटेलचं बुकिंग काढून दिलं, शिक्का मारला — हाच, हा तुमच्या हातातला. मनात म्हटलं रिजेक्ट होईल, सुटेन. वीस दिवसांनी पासपोर्ट आला, आत स्टिकर. काका तो उघडून उघडून बघत होते — तेव्हा सांगायला हवं होतं. मला माहीत आहे. तोंडापर्यंत आलं होतं, खरंच. काका, मीच तो, असं. तर ते म्हणाले, विहान, तिकडे गेल्यावर आधी काय बोलायचं रे, त्यांच्या भाषेत? आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? म्हटलं, ‘इयो सोनो काका.’ म्हणजे मी काका आहे. सगळ्यांना असंच सांगा, त्यांना आवडतं. पाठ करून घेतलं मी त्यांच्याकडून, दहा वेळा.

त्यात वाईट काय? काकू, तिकडे काका म्हणजे... शी. लहान पोरांची शी.

हसावंसं नाही वाटत ना? मला पण आता नाही वाटत. तेव्हा वाटलं होतं. मी असाच आहे, मला भीती वाटली की मी आणखी एक करतो.

मग गेले. मागच्या मागच्या गुरुवारी. रोमला उतरले, तिथून बस, मग दुसरी बस, डोंगरातली, दिवसाला दोनच. रोक्को बसस्टॉपवर घ्यायला येणार होता, म्हणजे मी येणार होतो, म्हणजे कोणीच येणार नव्हतं. माझा प्लॅन होता रोक्कोला आजारी पाडायचं, सॉरी नागेश, हॉस्पिटल, तू हॉटेलवर राहा, दोन दिवस फिर आणि परत जा. तोवर व्हॉइस नोट आली. अशा खूश आवाजात! ‘रोक्को भाय, आय रीच. इधर का बच्चा लोग कितना अच्छा है’ — गावात तीनच पोरं आहेत, तिन्ही मागे लागली त्यांच्या, काका, काका, काका करत, नाचत. म्हणतात, मी नुसतं नाव सांगितलं आणि बघ, लगेच काका म्हणायला लागली, आमच्या गावात पण एवढा लळा लावत नाहीत. मागून पोरांचा आवाज येतोय त्यात. एक म्हातारी ओरडतेय पोरांना. काका म्हणतात, ओरडू नको गं, म्हणू देत.

मी नाही हसलो. आईची शप्पथ.

आणि मग फोटो आला. भिंतीवर पोस्टर, त्याच्यावर रोक्कोचा फोटो — म्हातारा झालेला, टाय घातलेला, पण तोच, मी कापलं होतं ना तोंड, मी ओळखतो. खाली क्रॉस, आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं ‘अनिव्हर्सारियो’. चौकात दोन, चर्चच्या भिंतीवर एक, बेकरीच्या दारावर एक. काकांनी काय वाचलं? अ‍ॅनिव्हर्सरी! आपल्याकडे नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात ना, दादांना हार्दिक शुभेच्छा, तसलं वाटलं त्यांना. नोट पाठवली, ‘अरे रोक्को, हॅपी मॅरेज अ‍ॅनिव्हर्सरी! सांगितलं नाहीस! अख्ख्या गावाने तुझे बॅनर लावलेत, सरपंच झालास की काय? वहिनी कुठाय?’ रोक्कोसाठी खजुराचा डबा नेला होता इथून, भरलेला, बदामवाला. तो फोडला त्यांनी तिथेच. पोस्टरखाली उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक खजूर, हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी, हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी. म्हणतात, इथले लोक फार सभ्य आहेत, खजूर घेतात, टोपी काढतात, छातीला हात लावतात, कोणी हसत नाही.

मला तेव्हाच कसंतरी वाटलं. मी तो फोटो ट्रान्सलेटरला टाकला. चौथं पुण्यस्मरण. तिकडे माणूस गेला की भिंतीवर पोस्टर लावतात, आणि वर्षश्राद्धाला पुन्हा. रोक्को चार वर्षांपूर्वी गेला काकू. तीन महिने मी एका मेलेल्या माणसाच्या तोंडाने काकांना जेवलास का विचारत होतो.

मी काय केलं? काय करणार, फोन बंद केला. जुना फोन आहे तो, त्यातच तो नंबर होता. बंद केला आणि टोनरच्या रिकाम्या खोक्यात टाकला, वर कागद. बारा दिवस झाले. पहिले दोन दिवस रोज वाटायचं दारातून काका येणार. मग वाटायचं पोलीस येणार. तुम्ही याल असं कधी वाटलं नव्हतं.

कुठलं खोकं? ते... त्या रॅकखालचं.

नाही काकू, नको. उघडला तर त्यांना कळेल ना, ऐकलं की तिकडे टिक निळी होते, म्हणजे रोक्को जिवंत... बरं. बरं, बरं, लावतो चार्जिंगला. हात सोडा, पळत नाहीये मी कुठे. थांबा, वायर ढिली आहे. हां. चालू होतोय.

अकरा. अकरा व्हॉइस नोट आहेत. बघा, हे सगळे न ऐकलेले. हिंदी-इंग्लिशमध्ये आहेत, मी ऐकतो आणि तुम्हाला सांगतो, चालेल? असं कानाला लावून. पहिली... हं. म्हणतात, रोक्को, तू का आला नाहीस ते कळलं. फिलोमेना नावाची बाई आहे, रोक्कोची बहीण, तीच ती पोरांना ओरडणारी. तिने हाताला धरून स्मशानात नेलं, रोक्को दाखवला. म्हणतात, तिथे उभा राहून मी तुझ्या ह्या नंबरला हा मेसेज पाठवतोय, आणि तुझा फोन तुझ्याकडे वाजत नाहीये. बस, एवढंच. दुसरी... नुसता वारा आहे. तिसरी. फिलोमेनाने वरची खोली दिलीय. शब्द एक कळत नाही एकमेकांचा. चर्चच्या गेटचं बिजागर तुटलं होतं, मशीन मागून घेतलं आणि वेल्ड करून दिलं. पगार म्हणून चीज.

चौथी. पावाच्या गाडीतून फिरतायत! एक माणूस आहे, गाडीतून आजूबाजूच्या गावांना पाव नेतो, त्याच्या शेजारी बसतात. म्हणतात, पुढचं गाव डोंगराच्या शेंड्यावर आहे, चाळीस घरं मोजली, अकरा दारं उघडी. बाकीच्यांना कुलूप, पण खिडकीत फुलझाडाला पाणी घातलेलं. कुलूप लावून गेलेल्याच्या कुंडीला शेजारीण पाणी घालते रोज. ती माणसं वर्षाला येतात, ऑगस्टमध्ये, महिनाभर. जर्मनीत असतात, कॅनडात असतात. पाववाला हाताने दाखवतो, हे घर जर्मनी, ते घर कॅनडा, ते घर कोणी नाही. पाचवी... त्याच्यापुढचं गाव. चौदा माणसं. गाडी हॉर्न देते, मग एकेक दार उघडतं, एकेक हात येतो, पाव घेतो. म्हणतात, सगळे म्हातारे, आणि सगळे परदेशात राहून आलेले. एकजण बेल्जियमच्या खाणीत तीस वर्षं होता, तो खुणेने विचारतो, तू कुठला? मी म्हटलं अबुधाबी. तो म्हणाला, नाही नाही, घर कुठे? मला सांगता येईना रे. मी परत अबुधाबीच म्हटलं. सहावीत... सहावीत तिसरं गाव, तिथे कोणीच नाही, पाववाला फक्त गाडी वळवायला जातो. काका खाली उतरले. इतकं शांत की... काकू, रडतायत का कळत नाही, आवाज तसाच आहे. म्हणतात, एका घरात दार नुसतं लोटलेलं, आत टेबल, टेबलावर ताटं मांडून ठेवलेली, चार, उपडी. कोणीतरी येणार म्हणून मांडून ठेवून गेलेत.

सातवी, आठवी अशाच. अशा वाकून ऐकताय, मान दुखली का तुमची? थांबू? नको. नववीत म्हणतात, तिकीट पुढे ढकललंय. दहावी रिकामी. ही शेवटची. आज सकाळची आहे, आज. लांब आहे, तीन मिनिटं. हॅलो... हं? अरे. हे मराठीत आहे.

तुम्हीच ऐका. हे घ्या, स्पीकरवर लावतो.

...

ऐकलंत ना. ‘तू रोक्को नाहीस हे मला स्मशानात नाही, त्याच्या आधीच कळायला पाहिजे होतं. इटलीचा माणूस रोज जेवलास का विचारत नाही. तू आपल्याकडचाच कोणीतरी आहेस.’ मी — मला वाटलं होतं मी एकदम परफेक्ट करतोय. ‘राग नाही. बरं वाटायचं. पण एक कर बाबा, ताटाचं वगैरे जे लिहिलं, ते माझ्या घरी कळू देऊ नकोस. तिला वाईट वाटेल. तिने कधी काही कमी केलं नाही.’

काकू, मी तर ते... मी तुम्हाला आत्ताच... मला काय माहीत! मला काय माहीत शेवटी असं आहे म्हणून, मी आधी ऐकलं असतं तर नसतं ना सांगितलं! तुम्ही विचारलंत — नाही, तुम्ही ‘घरचं काय’ एवढंच विचारलंत. मीच बोलत सुटलो. माझं हे तोंड ना.

आणि ते शेवटचं. बसचं. ‘उद्या सकाळी सहा पन्नासची बस आहे, तीच गाठली तर संध्याकाळचं विमान मिळतं. दुसरी बस उपयोगाची नाही. फिलोमेना म्हणते राहा, तिचा भाऊ राहायचा त्या खोलीत. मला काही सुचत नाही. बसू की नको बसू, एवढं सांग. तू जो कोणी असशील, तूच सांग, दुसरं कोणाला विचारू?’ असं म्हणाले.

मी सांगू? मी लिहू, बसा म्हणून? रोक्को म्हणून लिहितो, शेवटचं, यल्ला कम बॅक, व्हिसा, अ‍ॅब्सकाँडिंग — नको? विहान म्हणून लिहू? चालेल, लिहितो, मारू देत मला आल्यावर. पण माझं ऐकून ते कशाला — ए, थांबा, बघा बघा, निळं झालं सगळं. त्यांना दिसलं असणार. ऑनलाइन आलेत. काकू, ऑनलाइन आहेत, हे बघा वर, ‘रेकॉर्डिंग’ लिहून येतंय, म्हणजे ते बोलतायत. ...थांबले. परत चालू. थांबले. काहीच आलं नाही. परत... नाही. नुसते ऑनलाइन आहेत. बघतायत.

इथून ह्याच्यावर फोन नाही लागत, काकू, ह्या देशात व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल बंद आहे, लागला तरी आवाज नाही येत. बोलून पाठवावं लागतं, असं एक-एक. तुम्ही? तुम्ही बोलणार? मघापासून तुम्ही माझ्याशी चार शब्द नाही — घ्या. घ्या ना. हा माइक दिसतो ना खाली, गोल, त्याच्यावर अंगठा ठेवायचा आणि दाबून धरायचा. दाबलेला असेपर्यंत सगळं जातं, सोडला की निघालं, मग परत घेता येत नाही. घाई नाही. काय बोलायचं ते आधी ठरवा, मी सांगू का काही — नाही, मी नाही सांगत. अंगठा पुसा, ओला आहे. हां, तोंडाजवळ. दाबा. घट्ट. चालू झालं, आकडे पळतायत, बोला — मी आता बोललो तर माझाच आवाज जाईल, मी आता एक अक्षर